सामंतबाईंचं शेवटचं अंडं

सामंतबाई अंडं कधी फोडत नसत. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडायच्या, गाल फुगवून एका टोकाने फुंकायच्या आणि आतलं सगळं वाटीत उतरलं की त्याची पोळी करून खायच्या. रिकामं कवच धुऊन खिडकीत वाळत ठेवायच्या. लग्न होऊन मी डिलाईल रोडच्या चाळीत आले, तेव्हा शेजारच्या खोलीत चाललेलं हे फुंकणं बघून दारातच थबकले. "काय बघतेस? उजेड अडतोय, हो बाजूला!" ही आमची ओळख.

बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहायच्या आणि भांडायला त्यांना सगळी चाळ पुरायची नाही. नळावर भांडण, कपडे वाळत घालण्यावरून भांडण. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना सांगायच्या, "मूर्तीचे हात सारख्या लांबीचे असतील त्या वर्षी या." माझ्याशी त्यातल्या त्यात बरं वागायच्या, कारण मी वाचनालयातून त्यांना जुन्या भयकथा आणून द्यायचे. त्यातली भुतं त्या अंड्यांवर रंगवायच्या. अंडंच कशाला, असं मी एकदा विचारलं. "कागद कोणीही धरतं. हे धरायला अक्कल लागते," म्हणाल्या.

मागच्या वर्षी वाचनालयाने जुन्या साहित्यावर प्रदर्शन ठरवलं. बाईंचा उजवा हात तेव्हा कापायला लागला होता. "हे एक होईल माझ्याकडून. पुढचं नाही व्हायचं," असं त्या चक्क हळू आवाजात बोलल्या. त्यांनी गोष्ट घेतली ती विहिरीतून वर येणाऱ्या बाईची. अंडं काळं केलं, त्यावर पांढराफटक चेहरा काढला, कपाळभर ओघळलेलं कुंकू. केस तर खरेच लावले, स्वतःच्या फणीतले, एकेक करून डिंकाने. उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरायच्या आणि रंगवायच्या. डोळे मात्र काढले नाहीत. माझ्या अंगावर काटा आला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

वार्निश वाळायला ऊन हवं म्हणून त्यांनी ते सकाळी गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं, बाटलीच्या झाकणात उभं करून. त्या दिवशी अमावास्या होती. बाईंना तिथीशी काही देणंघेणं नव्हतं, पण मजल्यावर निम्मी घरं कोकणातली. अंडं, केस, कुंकू आणि अमावास्या, म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चहा व्हायच्या आत मजल्याच्या ग्रुपवर फोटो पडला.

समोरच्या गावडेवहिनी सगळ्यात आधी ओरडल्या, "ह्यां कोणी ठेवल्यान?" त्यांच्या सुनेला, प्राचीला, सातवा लागला होता. मजला गोळा झाला, पण अंड्याला हात लावायची कोणाची हिंमत होईना. "माझी सून दोन जिवांची आहे बाई, लाज नाय वाटली करणी करायला?"

"वहिनी, ती प्रदर्शनाची वस्तू आहे. गोष्टीतलं भूत आहे ते," मी म्हणाले.

"तू माझी वकिली करू नकोस," बाई माझ्यावरच खेकसल्या. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "हो, केली करणी. अख्ख्या मजल्यावर केली. काय करायचं ते करा!"

एवढं बोलायची काय गरज होती? पण बाई त्या बाईच.

गलका ऐकून प्राची बाहेर आली. कोणी अडवायच्या आत तिने अंडं अलगद उचललं, दोन बोटांत, धरायचं तसंच. निरखून बघत म्हणाली, "बाई, हिला डोळे का नाही काढले?"

बाई गडबडल्या. असं कोणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "डोळे काढले की ती आपल्याकडे बघते गं. मग भीती जाते, दया यायला लागते."

"भारी केलंय हो," प्राची म्हणाली, आणि वहिनींनी तिच्या हातावर फटका मारला. अंडं फरशीवर पडलं. कोणीतरी लगेच त्यावर मूठभर मीठ फेकलं. बाई खाली बसून तुकडे गोळा करायला लागल्या, पण हात इतका कापत होता की उचललेला तुकडा पुन्हा पडत होता. वहिनी म्हणाल्या, "बघा, बघा, कशी थरथरते! पकडली गेली ना!" त्या क्षणी मला त्या माणसांची शिसारी आली.

प्राचीला मुलगी झाली, छान गुटगुटीत. वहिनी पेढे घेऊन बाईंकडे गेल्या. बाईंनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझी करणी फुकट गेली, म्हणून तोंड गोड करायला आलात? न्या परत."

त्यानंतर बाईंनी अंडं फुंकलं नाही. बाजारातून आणायचं, वाटीवर आपटून फोडायचं. त्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या. तिरडी बांधत होते तेव्हा वहिनी माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "उलटली गो करणी तिच्यावरच."

तेव्हापासून मी वहिनींशी बोलत नाही. समोरासमोर राहतो, एकाच नळावर पाणी भरतो. मजल्यावरचे म्हणतात, झालं गेलं सोडून दे. मी सोडणार नाही.