फ्रान्स दाखवणारी ताराताई

कुठल्याही राजवाड्यात शिरलं की ताराताई आधी स्वयंपाकघर गाठायची. ल्वार नदीच्या काठचे ते पांढऱ्या दगडांचे, टोकदार छपरांचे फ्रेंच राजवाडे पाहायला लोक सिडनीहून अख्खा दिवस विमानात काढून आलेले असायचे. त्यांना राजाचा पलंग बघायचा असायचा, राणीचा आरसा बघायचा असायचा. ताराताई त्यांना मागच्या बाजूच्या अरुंद जिन्याने खाली न्यायची. धुराने काळ्या झालेल्या भल्यामोठ्या चुलीपुढे उभी राहायची आणि इंग्रजीत म्हणायची, "राजा कुठे झोपायचा ते तुमच्या ब्रोशरमध्ये आहे. इथे पाणी कोण भरायचं, ते मी सांगते." मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "पाणी भरणारा माहीत नाही त्याला वाडा कळला नाही, असं समज."

आम्ही दोघी सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या एका छोट्या टूर कंपनीत होतो. मी ऑफिसात बसून हॉटेलं आणि बस ठरवायचे, ती दरवर्षी वसंतात आणि शरदात एक छोटा ग्रुप घेऊन फ्रान्सला जायची. आधी राजवाडे, मग खेडी, शेवटी ब्रिटनी आणि नॉर्मंडीचा समुद्रकिनारा. ग्रुप एका छोट्या बसमध्ये मावेल एवढाच. बहुतेक रिटायर झालेले ऑस्ट्रेलियन. नागपूरची तारा वानखेडे, कपाळ मोकळं, गळ्यात सुती स्कार्फ, आणि तोंडात सुरेख फ्रेंच. लोक पहिल्या दिवशी जरा चमकायचे. तिसऱ्या दिवशी तिच्याशिवाय कॉफीसुद्धा मागवायचे नाहीत.

फ्रेंच कुठून आलं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "कॉलेजात संस्कृत घ्यायला गेली तर सरांनी आधी आडनाव विचारलं, मग माझ्याकडे बघून राहिले. शेजारच्या वर्गात फ्रेंच होतं. तिथले सर केरळचे. त्यांना माझ्या आडनावावरून काही कळतच नव्हतं. मी तिथेच बसली." एवढं सांगून ती हसली आणि फोटोकॉपीच्या मशीनमध्ये कागद भरायला लागली.

करोनाच्या आदल्या वर्षी तिने मला शिकण्यासाठी सोबत नेलं. एका खेड्यात ओढ्याकाठी जुनं लाकडी छप्पर होतं आणि त्याखाली लांबलचक दगडी हौद. पूर्वी गावातल्या बायका तिथे कपडे धुवायच्या. एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. ताराताईने तिला थांबवून फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. म्हातारी गोंधळली, मग हात पसरून काहीतरी बोलली आणि निघून गेली.

"काय विचारलंस ताई?"

"म्हटलं, या पाण्यावर यायला कोणाला मनाई होती का. ती म्हणते, मनाई कशाला असेल, पाणी गावाचं. तिला माझा प्रश्नच नाही समजला." ताराताई खाली बसली, ओंजळभर पाणी घेतलं आणि हौदातच सोडून दिलं. "जिथं हा प्रश्न समजत नाही, तिथं मी दरवर्षी येते."

तिचा नवरा वसंतदादा ट्रेनच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता. हॅरिस पार्क या भारतीयांच्या वस्तीत त्यांचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या भाड्याच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. मूलबाळ नव्हतं. वसंतदादा कधीच फ्रान्सला गेला नाही. "बायकोच्या ऑफिसात जाऊन बसू का?" असं म्हणायचा. पण ती टूरवर असली की रोज संध्याकाळी मला फोन करून विचारायचा, "आमची बाई आज कोणत्या किल्ल्यात आहे?"

साथ सुरू झाली तेव्हा ताराताई ग्रुप घेऊन ब्रिटनीच्या किनाऱ्यावर होती. हॉटेलं एकेक करून बंद होत होती, विमानं रद्द होत होती. मी रडकुंडीला येऊन फोनवर तिला सगळ्या जगाच्या बातम्या सांगायला लागले. तिने मला मध्येच तोडलं. "बातम्या नको सांगू स्नेहल. विमान सांग." लंडनमार्गे, दोह्यामार्गे, जसं मिळेल तसं तिने सगळ्यांना घरी आणलं.

मग काम संपलं. कंपनीच्या मालकीणबाई हेलन यांनी ऑफिसला कुलूप लावलं. मी घरून कॉल सेंटरची नोकरी धरली. ताराताई सुपरमार्केटमध्ये ऑनलाइन ऑर्डरी पॅक करायला लागली. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "टूर काय अन् पिशवी काय," ती म्हणायची, "जड आधी भरायचं, नाजूक वर ठेवायचं."

पुढच्या वर्षी वसंतदादाची आई नागपुरात आजारी पडली. त्या काळात ऑस्ट्रेलियातून बाहेर जायलाही सरकारची परवानगी लागायची. त्याने ती मिळवली आणि गेला. आई सुधारली. तो आडवा पडला.

फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच होते. रविवारची दुपार. फोन तिच्या दिराचा, विलासचा. तिने ऐकून घेतलं. "हो," म्हणाली. "हो. बरं." मग, "विलास, तू आधी पाणी पी." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "वसंत गेला."

मी उठून उभी राहिले. आत वॉशिंग मशीन थांबल्याची शिटी झाली. "झालं वाटते मशीन," ती म्हणाली. आम्ही बाल्कनीत गेलो. ती कपडे झटकून वाळत घालत होती, मी चिमटे देत होते. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी पार्क करत होतं, पुढे-मागे, पुढे-मागे. कपडे संपले तरी मी हातात चिमटे घेऊन उभीच होते.

तिला जाता आलं नाही. त्याच आठवड्यांत भारतातून येणाऱ्यांना ऑस्ट्रेलियाचं दार बंद झालं होतं. गेली असती तर परत कधी येता येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. नवऱ्याला कोणी नेलं, कसं नेलं, हे विलासलाही धड दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताराताई शिफ्टला गेली. मी फोन करून विचारलं, तर म्हणाली, "घरी बसून काय करू? भिंती बघू?"

त्या हिवाळ्यात सिडनीत पुन्हा लॉकडाउन लागला, आणि आमच्या भागात जास्तच कडक. डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं. व्यायामाला तेवढं बाहेर पडता यायचं. आम्ही दोघी मास्क लावून पॅरामॅटा नदीच्या काठाने चालायचो. माझे बाबा पुण्यात हॉस्पिटलमधून बरे होऊन घरी आले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप येत होती. ताराताईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. सगळ्यांचं तसंच चालू आहे."

एकदा मी म्हटलं, "ताई, बोल ना काहीतरी वसंतदादाबद्दल."

"कोण बोलणार? आत कोणी नाही गं. शटर ओढून गेलेत सगळे." ती चालत राहिली. नदीत एक पाणकावळा डुबकी मारून वर आला, आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं आणि परत फिरलो.

वर्ष संपता संपता सरहद्दी उघडल्या. हॅरिस पार्कमधले कितीतरी लोक बॅगा भरून भारतात गेले. ताराताई गेली नाही. मी विचारलं की म्हणायची, "बघू." पुढे हेलनने फ्रान्सची टूर पुन्हा जाहीर केली आणि ताराताईला विचारलं. ती लगेच हो म्हणाली. हेलनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तूही सोबत जा. ती ठीक आहे असं ती म्हणते. तू सोबत असलीस तर मी झोपेन."

टूरमध्ये चुकीचं काहीच झालं नाही. बस वेळेवर, खोल्या ठीक, सगळ्यांची औषधं तिला पाठ. पण पहिल्याच राजवाड्यात ती सरळ वर गेली आणि लोकांना राजाच्या पलंगापुढे उभं केलं. पलंग कोणी बनवला, पडदे कोणत्या रंगाचे, छतावर कोणतं चित्र. स्टेशनवर गाडीची घोषणा होते तशा आवाजात तिने सगळं सांगितलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, स्वयंपाकघर?"

"वेळ नाही."

वेळ होता. आम्ही त्यानंतर बराच वेळ बागेतल्या बाकावर बसून होतो. ती कारंज्याकडे बघत होती. मी तिच्याकडे.

ग्रुपमध्ये कीथ नावाचे एक गृहस्थ होते, वुलनगाँगचे, पूर्वी शाळेची बस चालवायचे. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, जोनने, ही टूर साथीच्या आधीच ठरवली होती. जोन लॉकडाउनमध्ये नर्सिंग होममध्ये गेली. शेवटचे काही आठवडे कीथ खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायचे, ती आत, काचेपलीकडे. हे त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी जेवताना सांगितलं होतं, मीठ मागावं तितक्या सहज.

नॉर्मंडीचा किनारा आला. खडूसारखे पांढरे कडे आणि खाली गोट्यांचा किनारा. ओहोटी होती. लोक फोटो काढायला पांगले. कीथ मात्र बसपाशीच घुटमळत राहिले. मग ताराताईजवळ येऊन त्यांनी जॅकेटच्या खिशातून औषधाच्या गोळ्यांची एक जुनी बाटली काढली. आत करडी पूड.

"जोन आहे," ते म्हणाले. "थोडीशीच. बाकीची घरी आहे. तिला हा समुद्र बघायचा होता. इथे चालतं का, टारा? मला कोणाला अडचणीत आणायचं नाही."

ताराताई बाटलीकडे बघत राहिली. मला वाटलं, ती नियम सांगेल. तिने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "चला," म्हणाली.

कीथचा हात धरून तिने त्यांना गोट्यांवरून खाली नेलं. मी बूट घेऊन मागोमाग गेले. पाणी इतकं गार होतं की पायांची हाडं दुखली. कीथ बाटली उघडून उभे राहिले आणि तसेच थांबले.

"वारा समोरून आहे," ताराताई म्हणाली. "वळा. वाऱ्याकडे पाठ करा. आता खाली वाका, अगदी पाण्याजवळ. हळूच सोडा. घाई नाही."

त्यांनी सोडलं. क्षणभर पाणी गढूळ दिसलं, मग लाट आली आणि काही दिसलं नाही. कीथनी बाटली पाण्याने विसळून घेतली आणि विचारलं, "तुम्ही याआधी केलंय हे?"

"नाही," ताराताई म्हणाली. "माझं राहिलंय."

"कोणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं."

दीड वर्षात तिने हे कोणाला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कीथनी बाटली खिशात ठेवली. मग त्यांनी पुन्हा तिचा हात धरला. दोघं गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मी त्यांच्यामागे, हातात बूट धरून.

बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले. ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "विलासने अस्थी ठेवल्या आहेत. दर महिन्याला विचारते तो, वहिनी कधी येता? मी म्हणते, टूर सुरू झाली की बघू. आता टूर तर सुरू झाली."

परतीच्या प्रवासात सिडनी विमानतळावर ग्रुपने एकमेकांचे निरोप घेतले. मी टॅक्सी बोलवायला लागले तर तिने माझा फोन खाली केला. तिने पॅरिसहूनच तिकीट काढलं होतं. काही तासांत दिल्लीचं विमान होतं आणि पुढे नागपूर.

"अगं, घरी तरी जाऊन ये. अंघोळ कर, कपडे बदल."

"घरी जाऊन बॅग खाली ठेवली तर निघणं नाही होणार माझ्यानं."

आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. एवढी वर्षं तिने माणसांना शब्द पुरवले होते, कुठे काय म्हणायचं, वेटरला काय, पोलिसाला काय, चर्चमध्ये कुणाला काय. आता ती मला विचारत होती, "विलाससमोर गेली की काय बोलू गं मी?"

मी म्हटलं, "जय भीम म्हण. पुढचं तो बोलेल."

तिने मान हलवली, दोनदा, पत्ता लक्षात ठेवल्यासारखी. मग बॅग ओढत आत गेली.

ती पुन्हा टूरवर आली नाही. हॅरिस पार्कचा फ्लॅट तिने माझ्याकडून रिकामा करून घेतला आणि नागपुरातच राहिली, सासूजवळ. फ्रान्सचे ग्रुप आता मी नेते. लोकांना माझं काम आवडतं असं हेलन म्हणते.

नागपूरला पोचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा फोन आला होता. मी नुकतीच कामावरून घरी आले होते. मागे कुकरची शिटी, कोणीतरी मोठ्याने बोलत होतं. म्हणाली, सकाळी सगळे कामठीला जाऊन आलो, कन्हान नदीवर. भन्तेजी आले होते. सासूबाईपण आल्या, त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. नदीला पाणी बरं होतं.

मी विचारलं, "रडलीस का ताई?"

"नाही," ती म्हणाली. मागून कोणीतरी तिला हाक मारली. मग म्हणाली, "पण घरी आल्यावर भूक लागली गं स्नेहल. खूप दिवसांनी. थांब, मला वाढून राहिले. ठेवते."