फाइन, मीडियम, ब्रॉड

मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी अंगठा वळवून पाहिला आणि विचारलं, "लिहिता फार?"

"ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. निबंध तपासणं रोजचंच."

"मग बॉलपेन बंद. शाईचं पेन घ्या. दाबावं लागत नाही, अलगद चालतं."

अलगद! हा शब्द पुढं कितीतरी दिवस मला डिवचत राहिला.

मुलीनं पुण्याहून फाइन निबचं पेन पाठवलं. आईचं अक्षर लहान, तर निबही बारीक हवी, असा तिचा विचार. मलाही पटला. पण वह्यांचा कागद असा की निब त्यात रुतायची, कागदाचं सूत टोकात अडकायचं आणि पुढची अक्षरं केसाळ उमटायची. वेलांटी काढताना होणारी खरखर ऐकून माझे दात शिवशिवायचे. वैतागून मी गुलमंडीवरून मीडियम निबचं पेन आणलं. ते सरसर चाललं, पण शाई फुटायला लागली. एक विद्यार्थिनी वही घेऊन आली.

"मॅडम, हे काय लिहिलंय?"

मी पाहिलं. 'स्पष्ट लिहा' असं लिहिलं होतं. त्यातला 'ष्ट' पार बुजला होता. वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी उर्दू शिकवणाऱ्या आपा बसायच्या. खुलताबादहून रोज बसनं यायच्या. त्या वर्षानुवर्षं ब्रॉड निब वापरत होत्या, आणि त्याच भिकार कागदावर त्यांची ओळ अशी उतरायची की बघत राहावं. त्यांनी आपलं पेन माझ्यापुढं धरलं. मी 'क्षमता' लिहिलं. 'क्ष'ची गाठ उमटायच्या जागी डाग पडला.

"इतना जोर क्यूँ, ताई? कागज दुश्मन है क्या?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या लिपीत जोडाक्षरं नाहीत, आपा. तुमचं बरं आहे."

जरा तोडूनच बोलले मी. त्या डब्यातली खिचडी माझ्या झाकणात वाढू लागल्या.

हिवाळ्यात आपा निवृत्त व्हायच्या होत्या. आमच्या कॉलेजात निवृत्तीचं मानपत्र हातानं लिहायची रीत होती, आणि ते काम कायम माझ्याकडं असायचं. आपांचं तर मीच लिहिणार, हे कोणी सांगायचीही गरज नव्हती. चांगला जाड, गुळगुळीत कागद आणला. मजकूर तयार होता. दुपारी जेवणाच्या टेबलावर बसले.

फाइन निब त्या गुळगुळीत कागदावर घसरायला लागली. मध्येच रेघ तुटायची, आणि चौकटीत लावल्यावर तो मजकूर मुंग्यांची रांग दिसला असता. मीडियम घेतली, तर शाई लवकर वाळेना. हाताची कड लागून आपांचं नावच फरफटलं. शेवटी हट्टानं ब्रॉड निबचं पेनही विकत आणलं, तर 'कर्तव्यनिष्ठ'चा चिखल झाला. कागद फुकट जात राहिले. अंगठा पेटला होता. नवरा म्हणाला, "छापून घे ना." मी पेन टेबलावर आपटलं. निब वाकडी झाली, टेबलक्लॉथवर शाई सांडली, आणि आता रडू नये एवढंच मी ठरवलं.

मानपत्र छापलंच. समारंभात आपांनी चौकट हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, "छापील आहे? तुम्ही नाही लिहिलं?"

त्यांनी तक्रार केली नव्हती. पण घरी येईपर्यंत मी रिक्षात स्वतःवर, निबांवर, त्या डॉक्टरांवर धुमसत होते.

आठवडाभरानं मी आपांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. फरफटलेलं नावसुद्धा. आपा खळखळून हसल्या.

"अहो, मग मोठं लिहायचं ना! जाड निबनं बारीक अक्षर कसं काढणार? मीसुद्धा ब्रॉडनं लिहिताना दोन ओळींची जागा घेते."

इतकी साधी गोष्ट. इतके महिने मी पेनाकडूनच माझ्या अक्षराएवढं व्हायची अपेक्षा करत होते.

नवं ब्रॉड पेन आणलं आणि अक्षर दुपटीनं वाढवलं. पहिल्या ओळी लहान मुलीच्या पाटीसारख्या आल्या. पण जोडाक्षरांची पोटं मोकळी राहिली. एका कागदात मावणारा मानपत्राचा मजकूर दोन कागदांवर गेला. रविवारी बसनं खुलताबादला गेले. आपांनी चष्मा लावून दोन्ही कागद मोठ्यानं वाचले. मराठी वाचताना त्या जोडाक्षरांवर अडखळायच्या, त्या दिवशीही अडखळल्या. मग छापील मानपत्राची चौकट भिंतीवरून काढून सुनेच्या हातात दिली. "यह निकाल, वो लगा."

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सोमवारी कॉलेजात तोच गठ्ठा, तोच कागद. मुलांच्या ओळींच्या मध्ये मोठं अक्षर बसवायला जागाच नसते. सध्या मीडियम निबनं नुसती चुकीखाली रेघ मारते आणि काय चुकलं ते मुलांना समोर बोलावून तोंडी सांगते. तास संपतो, निम्मी मुलं राहतात, घसा बसतो. अंगठा मात्र आता दुखत नाही.