रोवणीचा शॉट

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मुलींची शाळा कशी सुटते, यावर मी स्वतःच्या हिमतीवर एक माहितीपट केला. माझं माहेर भंडाऱ्याचं. त्यामुळे धानाच्या बांध्या आणि तिथली माणसं आपल्याला कळतात, असा माझा फार मोठा गैरसमज होता.

लाखांदूर तालुक्यातल्या ज्या गावात शूटिंग केलं, तिथेच कापणीच्या दिवसांत पहिला खेळ ठेवला. शाळेच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. पडद्यावर आठवी पास झालेली एक मुलगी घोटाभर चिखलात वाकून रोपं लावत होती आणि माझा आवाज भरल्या गळ्याने विचारत होता, 'हिला शाळेपासून कोण अडवतं?' लोक एकदम शांत झाले. मला वाटलं, वर्मी लागलं. खरं सांगते, मनातून मी खूश झाले.

खेळ संपल्यावर तीच मुलगी माझ्यासाठी चहा घेऊन आली. गावची शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी लाखांदूरच्या वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, हे तिने मला शूटिंगच्या आधीच सांगितलं होतं.

"तू इथे कशी? सुट्टी आहे का?"

"सीट गेली ना, मॅडम."

"काहून?"

"कागदं द्याचा शेवटचा दिवस तोच होता. तुमची शूटिंग होती, तो."

ती सकाळ लख्ख आठवली. शाळेचा ड्रेस घालून, कागदांची पिशवी घेऊन ती फाट्यावर एसटीसाठी निघाली होती. "मले लाखांदूरले जा लागते," असं दोनदा म्हणाली होती. मी म्हटलं, तासाभराचं काम आहे, दुपारच्या गाडीने जा. मग तिला ड्रेस बदलायला लावला; रोवणीत इस्त्रीचे कपडे कोण घालतं? त्यांची स्वतःची रोवणी तर कधीच उरकली होती. शेजाऱ्याच्या बांधीत उतरवलं मी तिला. आभाळ भरून आलं, उजेड गेला, पुन्हा आला, आणि मी 'अजून एकदा' म्हणत राहिले. दुपारची गाडी निघून गेली.

"अगं, मग मला ठणकावून सांगायचं नाही का?" मी तिच्यावरच ओरडले. किती निर्लज्ज असावं माणसाने!

तिची आई मागेच उभी होती. "पाहुण्याले नाही कसं म्हणाव जी?" ती म्हणाली. "आन् आमाले वाटलं, शाळेचीच फिल्म हाय, तं मॅडमची तिथं ओळख असंन."

दुसऱ्या दिवशी मी वसतिगृहात जाऊन हात जोडले. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली होती. तीही अशाच कुठल्यातरी गावची. तिला काढा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले ते.

त्याच आठवड्यात अड्याळला खेळ होता. रद्द करून घरी जाऊन बसावंसं फार वाटलं, पण गेले. फिल्म सुरू होण्याआधी उभी राहिले आणि सांगितलं, यात जी मुलगी दिसेल, तिला शाळेपासून मीच अडवलं. पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "मंग आता कोठी हाय ते पोरगी?"

"धान कापून राहिली," मी म्हणाले.