चपलांजवळ बसणारी सुंदरबाई

शिरपूर सोडून उत्तरेला निघालं की कपाशीची काळी रानं हळूहळू मागे पडतात. जमीन तांबूस होत जाते, रस्ता चढाला लागतो आणि सातपुडा समोर येऊन उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी वाकपाडा नावाची तीसेक घरांची वस्ती आहे. वस्तीच्या टोकाला पत्र्याचं एक प्रार्थनाघर. त्याची फरशी दर शनिवारी अशी लख्ख पुसलेली असते की पाहुण्याला पाय ठेवायला संकोच वाटावा. ही फरशी पुसते सुंदरबाई. आणि रविवारी त्याच फरशीवर बसायची वेळ आली की सुंदरबाई आत येत नसे. उंबऱ्याला टेकून, सगळ्यांच्या चपलांजवळ बसे.

सहा वर्षं तिचं असंच चाललं होतं. आत भजनं सांगणारी म्हातारी चमेलीबाई तिला दर रविवारी हाक मारी.

"आत ये व माय. बठ्ठी जागा मोकळी शे."

"मी इथंच बरी शे, अक्का. चपलांवर लक्ष ठेवते."

"येशूच्या घरी चपला चोरायला कोण येणार शे?"

"तुमच्या चपला पाहून तर कुणीच येणार नही," सुंदरबाई म्हणे. आतल्या बाया पदराआड हसत. चमेलीबाई नवं भजन धरी आणि तो विषय तिथेच मिटे.

हसण्यावारी नेलं तरी सगळ्यांना कारण ठाऊक होतं. सुंदरबाई मोहाची दारू काढायची. वाकपाड्यात मोह हे काही पापाचं झाड नाही. त्याची फुलं पहाटे वेचली जातात, वाळवली जातात, पावसाळ्यात धान्य सरलं की भाजून पोरांना दिली जातात. सुंदरबाईचा नवरा तिशीतच गेला. दोन मुली, कोरडवाहू तुकडा, आणि हाताला आईकडून आलेली एकच विद्या. ती विद्या तिच्या हातात अशी बसली होती की मडक्यात भिजत घातलेल्या फुलांचा सडवा आज तयार झाला की उद्या होणार, हे ती झाकण न उघडता सांगायची. यावलकडची माणसंसुद्धा तिच्या पहिल्या धारेसाठी एवढी वाट तुडवून यायची. त्याचा तिला अभिमान होता. का नसावा? तिच्याइतकं नाक दहा गावांत कुणाला नव्हतं.

तिच्या अंगणात रोज बसणाऱ्यांत भुरा होता. भुरा शुद्धीत असला की गाईसारखा. नसला की त्याची बायको ममता लेकराला काखेत घेऊन आईच्या गावाची वाट धरायची. एकदा भर दुपारी ममता सुंदरबाईच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळावर खोक, काखेत लेकरू. शिवी नाही, शाप नाही. नुसती बघत राहिली आणि निघून गेली. त्या दिवसापासून सुंदरबाईला भट्टीजवळ बसवेना. आठवडाभरात तिने चुलीतली लाकडं ओढली आणि एकेक करून मडकी अंगणात फोडली. एक तेवढं राहिलं. ते तिच्या आईचं होतं, जाड बुडाचं, वाजवलं की घंटेसारखं वाजणारं. त्याच्यावर दगड घालायला तिचा हात धजला नाही. तिने ते राखेने घासलं, उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं, आणि एका सकाळी कुणाला न सांगता प्रार्थनाघरात नेऊन ठेवलं. देवाच्या घरी तरी त्याचं चांगलं होईल, असं तिला वाटलं. काही दिवस लोक त्यातलं पाणी प्यायले. पण पाण्याला कसलासा वास येई, म्हणून ते मडकं कोपऱ्यात पालथं पडलं. ते कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. भुरानेही घेतला, तिच्यानंतर दोन वर्षांनी, आणि तेव्हापासून त्याने थेंबाला शिवलं नाही. मंडळीने दोघांनाही मायेने घेतलं. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे तेव्हा भाकरीचं ताट आणि रसाच्या पेल्या उंबऱ्यापर्यंत येत आणि सुंदरबाई ते ताट तसंच पुढे सरकवी. अयोग्य रीतीने जो खातो-पितो त्याच्याविषयीचा शास्त्रातला भाग तिने पहिल्याच महिन्यात ऐकला होता, आणि तो आपल्यासाठीच लिहिलाय याबद्दल तिला शंका नव्हती. दर महिन्याला ती स्वतःच्या आत डोकावून बघे, काही लायकी उगवली का. दर महिन्याला तिथे ममताचं कपाळ दिसे.

वाकपाड्याची एक रीत आहे. प्रभुभोजनाची भाकरी आणि रस बाहेरून येत नाही. घरं आळीपाळीने करतात. ज्या घराची वेळ असेल ते घर ज्वारीची भाकर भाजतं, मनुका भिजवून कुस्करतं आणि गाळलेला रस घेऊन येतं. सुंदरबाईच्या घराची वेळ आली की ती चमेलीबाईला सांगे, "पुढच्या घराला द्या." आणि यादी तिच्या घरावरून उडी मारून पुढे जाई.

गेल्या उन्हाळ्यात मे महिन्यातली वेळ ममताची होती. त्याच आठवड्यात तिच्या भाचीची सुपारी, म्हणजे साखरपुडा, यावलला निघाला. नेहमी लोक शनिवारी रात्री मनुका भिजवतात. ममताने गुरुवारीच भिजवल्या, कुस्करल्या, आणि उन्हाच्या तडाख्यात रस गार राहावा म्हणून भांडं शोधू लागली. तिच्या घरची पातेली सगळी सुपारीच्या स्वयंपाकाला गेलेली. प्रार्थनाघराच्या कोपऱ्यात एक जाड बुडाचं मडकं पालथं होतं. देवाच्या घरचं, देवाच्याच कामाला. तिने ते घरी नेऊन धुतलं, रस ओतला, फडकं बांधलं आणि यावलची एस.टी. धरली; रविवारी सकाळी परतल्यावर ते तसंच आणून मेजावर ठेवलं.

रविवारी शिरपूरहून पास्टर नवल मोटरसायकलवर आले. पस्तिशीचा सरळ माणूस, घाम पुसत पुसत सगळ्यांना जय मसी म्हणणारा. भजनं झाली, वचन झालं. पास्टरांनी मेजावरच्या मडक्याचं फडकं सोडलं. मेजामागच्या खिडकीतून गरम वारा आत आला आणि दारातून बाहेर निघाला.

तो वारा सुंदरबाईच्या नाकावरून गेला आणि तिने मान वर केली.

आधी तिला वाटलं, आपल्याच अंगाचा वास असेल, जन्मभराचा. मग दुसरी झुळूक आली. तो तिसऱ्या दिवसाचा वास होता. आंबटगोड, जिभेच्या टोकाला टोचणारा. तिने मेजावर बघितलं आणि जाड बुडाचं मडकं ओळखलं.

पास्टर पेल्या भरू लागले. पुरुषांच्या रांगेत दुसऱ्याच जागी भुरा बसला होता, डोळे गच्च मिटून. चार वर्षांनंतरचा पहिला घोट त्याला प्रभूच्या मेजावरून मिळणार होता. सुंदरबाईने आजूबाजूला बघितलं. कुणीतरी बोलेल. कुणाच्यातरी नाकाला कळेल. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. बोलायचं तर उठावं लागणार होतं. दारू काढणारीने ममताच्या हातच्या रसाला दारू म्हणायचं, तेही ममताच्या तोंडावर.

ती उठली. अनवाणी, त्या लख्ख फरशीवरून चालत मेजापाशी गेली. चमेलीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, सहा वर्षांनी बाई घ्यायला आली. पास्टरांनाही तेच वाटलं. त्यांनी हसून पेली पुढे केली.

"पास्टर, हे देऊ नका," सुंदरबाई म्हणाली.

"का मावशी?"

"हे आंबलं शे."

पास्टरांनी पेली नाकाशी नेली. "मला तर मनुकांचाच वास येतो."

"तुम्ही कधी प्यायला नही. तुम्हाला कसं कळणार?"

ममता उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला. "मी केला शे तो रस. तीनदा हात धुऊन केला. तुम्हाला बरं कळतं दारातून?"

"हो," सुंदरबाई म्हणाली. "या घरात हे मलाच कळतं."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून भुरा उठला आणि मेजाकडे पाठ करून उभा राहिला.

"सुंदरबाई खरं बोलते," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मघापासून माझ्या तोंडाला पाणी सुटलं शे. मला वाटलं सैतान शे. मी आपला डोळे मिटून त्याला हाकलत बसलो होतो."

"आणि तो निघाला मडक्यात," चमेलीबाई म्हणाली.

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. ममता मात्र हसली नाही. तिने मेजाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे, आणि मटकन खाली बसली. माझ्या हाताने, असं ती पुटपुटली. माझ्याच हाताने याला पाजलं असतं.

सुंदरबाई तिच्याजवळ जाऊन बसली. ममताच्या एवढ्या जवळ ती कधीच बसली नव्हती.

"तुझी चूक नही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मडकं माझं शे. सडव्याचं. बठ्ठी मडकी फोडली, हे एक ठेवलं. आईचं म्हणून. घासून घासून इथं आणून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नही. त्याच्या अंगात ते मुरलेलं शे. त्यात तू गंगेचं पाणी ओतलं असतंस तरी उन्हात त्याने हेच केलं असतं."

ममताने मान वर केली. मग तिने नाक पुसलं.

"घरी मूठभर मनुका उरल्या शेत," ती म्हणाली.

"मग कुस्कर आणि उकळून घे. उकळलं की आंबत नही."

"तुम्ही करा."

"माझे हात नकोत, ममता. तुला तर ठाऊक शे, या हातांनी काय केलं ते."

"ठाऊक शे," ममता म्हणाली. "माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? पण माझे हात बघा कसे थरथरतात. मनुका कुस्करायला थरथरते हात चालत नहीत. उठा."

पास्टर काहीतरी बोलायला गेले, पण चमेलीबाईने त्यांना हाताने बसवलं आणि भजन धरलं. लांबलचक, अकरा कडव्यांचं.

प्रार्थनाघरामागे तीन दगडांची चूल मांडली. भुराने ते मडकं उचललं, तोंड वळवून नाल्याकडे नेलं आणि सुंदरबाईच्या हातात दिलं. "तुम्हीच," तो म्हणाला. ते फुटताना घंटेसारखं वाजलं नाही. साध्या मडक्यासारखं फुटलं.

मग तिने मनुका कुस्करल्या. ममताने पाणी घातलं. पातेलं चुलीवर चढलं आणि सुंदरबाई पुढ्यात बसली. जाळ कधी ओढायचा, कधी सारायचा, हे तिच्या बोटांना सांगावं लागलं नाही. पहिली वाफ उठली तेव्हा तिचा हात सवयीने झाकणाकडे गेला. दारू काढताना तीस वर्षं तिने ती वाफ धरली होती. आता तिने हात मागे घेतला आणि वाफ वर जाऊ दिली. ममताने ते बघितलं आणि एक लाकूड पुढे सरकवलं.

आत भजनाचं नववं कडवं चाललं होतं तेव्हा रस मेजावर आला. सुंदरबाई पुन्हा उंबऱ्याकडे वळली. ममताने तिचा पदर धरला आणि आपल्या चटईवर बसवलं.

"चपला..." सुंदरबाई म्हणाली.

"जाऊ द्या चोरीला," ममता म्हणाली.

भाकरीचं ताट आलं. सुंदरबाईने नेहमीसारखं स्वतःच्या आत डोकावून बघितलं. तिथे नवं काही उगवलं नव्हतं. ममताचं कपाळ होतंच, खोकेसकट. पण आज ते कपाळ शेजारीही होतं, घामेजलेलं, केस चिकटलेलं, आणि ममता कोपराने तिला ढोसत होती.

"पास्टर," ती हळूच म्हणाली, "मी अजून तशीच शे."

"मीही, मावशी," पास्टर नवल म्हणाले. "म्हणून तर इथे येतो. धरा."

तिने भाकरीचा तुकडा घेतला. मग पेली. ताट पुढे गेलं आणि या वेळी त्यात तिच्या तुकड्याची आणि पेलीची जागा रिकामी होती. सगळ्यांनी एकदम पेल्या ओठांना लावल्या. सुंदरबाईने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पोळतंय," ती ममताच्या कानात म्हणाली.

"फुंकून प्या," ममता म्हणाली.