मधला भाग

अट मुलानं घातली, आणि घालताना तो हसत होता.

"बाबा, ज्या पिक्चरची गोष्ट तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल, ती कॅसेट राहील. नाही सांगता आली तर भंगारात. याहून सरळ काय असतं?"

बाबांनी अट ताबडतोब मान्य केली. बावीस वर्षं त्यांनी व्हिडिओ लायब्ररी चालवली होती. अख्खी वस्ती त्यांना पिक्चरकाका म्हणायची. गिऱ्हाईक नुसतं "काहीतरी चांगलं द्या" म्हणालं, की काका एकदा त्याचा चेहरा बघायचे, मान न वळवता मागच्या फळीवरून कॅसेट काढायचे आणि दोन मिनिटांत अशी गोष्ट रंगवायचे, की माणूस घाईघाईनं घर गाठायचा. लोक म्हणायचे, काकांच्या डोक्यातच पडदा आहे.

दुकान बंद झालं तेव्हा अकराशे कॅसेटी घरी आल्या आणि मागच्या खोलीत रचल्या गेल्या. त्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन होतं. ते स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात गेलं. "चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे," असं काका म्हणाले होते. त्याला एकोणीस वर्षं झाली. मशीन चालवताना काकूंचा डावा कोपर भिंतीला घासतो. तिथला रंग कधीच गेला आहे.

आता मुलाचं ऑफिस घरी आलं होतं आणि खोली त्याला हवी होती. भंगारवाला अकराला येणार होता. नऊच्या सुमारास मुलगा खोलीत स्टूल टाकून बसला. सून चहाचा कप घेऊन दाराला टेकली. तिला हा खेळ आवडलेला दिसत होता. काकू बोळात गणवेशाच्या बाह्या जोडत होत्या. दार उघडं होतं, सगळं ऐकू जात होतं.

मुलानं पहिली कॅसेट काढली. वेष्टनावर दीपगृहाचं चित्र होतं.

"हा!" काका पुढं सरकले. "वादळ. दीपगृहाचा राखणदार जिना चढतोय, हातात कंदील. खाली खडकावर होडी फुटते. होडीत एकटी बाई, आणि तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा!"

"वा. पुढं?"

"पुढं बरंच काही होतं रे. शेवटी तो दिवा विझवतो आणि जिन्यात बसून हसतो."

"का विझवतो?"

"का म्हणजे? शेवटच तसा आहे."

"आणि मधले दोन तास?"

मुलानं कॅसेट पोत्यात टाकली.

दुसरी एका बहिऱ्या न्यायाधीशाची होती. काकांना पहिला खटला आठवला, आणि शेवटी न्यायाधीश कोर्टाची पायरी झाडतो तेही आठवलं. तिसरीत पहिल्या दहा मिनिटांत चार खून होते. ते कुणी केले, हे काकांना सांगता येईना.

"बाबा, ट्रेलर बघून दुकान चालवलंत की काय?" मुलगा म्हणाला. सुनेला ठसका लागला.

खरं कारण साधं होतं. लोक कॅसेट परत आणायचे तेव्हा ती शेवटाशी थांबलेली असायची. फीत कुठं चुरगळली नाही ना, हे बघायला काका शेवटची दोन मिनिटं लावायचे. मग पूर्ण उलटी फिरवायची आणि सुरुवातीची दहा मिनिटं तपासायची, कारण सगळ्यात जास्त झिजते ती सुरुवात. तेवढं झालं की कॅसेट फळीवर. दिवसाला साठ कॅसेटी अशा हातांखालून गेल्यावर मधला भाग बघायला सवड कुणाला?

मधला भाग काकू बघायच्या. काका रोज एक कॅसेट घरी आणायचे. "मधे कुठं अडकते का, लक्ष ठेव," एवढंच सांगायचे. काकू शिवता शिवता बघायच्या आणि जेवायला वाढताना गोष्ट सांगायच्या. दुसऱ्या दिवशी काका ती काउंटरवर विकायचे, आणि आठवड्याभरात विसरायचे. घरचे पिक्चर बघतात का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या हिला त्यातलं काय कळतंय? नायिका रडली की ही रडते." गिऱ्हाइकं हसायची. काकू डबा घेऊन दुकानात आलेल्या असतानाही त्यांनी हे दोनदा म्हटलं होतं.

पुढं पुढं मुलगा नुसतं वेष्टन दाखवायचा आणि काका मान हलवायचे. साडेदहापर्यंत सात पोती भरली आणि वाचलेली कॅसेट एकही नव्हती. काका उठून बोळाच्या तोंडाशी गेले.

"अगं, त्या होडीतली बाई कोण होती? किल्ल्यांवाली?"

मशीन थांबलं.

"कुठली बाई?"

"दीपगृहातली. तूच तर सांगितलं होतंस."

"मी?" काकूंनी दोरा तोडला. "मला काय कळतंय त्यातलं?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

कॅसेटी वाचवायच्या तर एकच वाट होती, आणि त्या वाटेवर पिक्चरकाका मरत होता. त्यांनी आणखी पाच पोती भरू दिली. शेवटच्या पोत्याचं तोंड मुलगा सुतळीनं बांधायला लागला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"हिला सगळं माहितीय. मी काही बघायचो नाही. हीच मला सांगायची, सगळे पिक्चर."

मुलानं सुतळीची गाठ ओढली. "हरलात तर हरलात ना बाबा. आता आईवर कशाला ढकलताय?"

सून म्हणाली, "आईंना कालची मालिका आज आठवत नाही."

भंगारवाला आला. अकरा पोती त्यानं खाली नेली. सगळ्यात आधी भरलेलं पोतं तेवढं राहिलं होतं; ते उचलताना सैल गाठीतून एक कॅसेट घरंगळली. त्यानं ती उचलून चित्र बघितलं.

"दीपगृह दिसतंय. भुताचा पिक्चर आहे का हो?"

"भुताचा नाही," काकू बोळातून बाहेर येत म्हणाल्या. "ती बाई तुरुंगाच्या जेलरची बायको असते. राखणदाराचा धाकटा भाऊ त्याच तुरुंगात असतो, बिनगुन्ह्याचा. ती किल्ल्या चोरून त्याला सोडवते आणि सांगायला पुढं येते, की भाऊ मागच्या होडीतून येतोय आणि त्याच्या मागं पोलिसांची लाँच आहे."

त्या शांतपणे सांगत होत्या, एकही पात्र न गाळता. मुलगा स्टुलावरून उठला. सुनेच्या हातातला रिकामा कप तसाच राहिला. भंगारवाल्यानं पोतं खांद्यावर घेतलं होतं, पण तो हलला नाही.

"लाँच खडकावर आपटावी म्हणून तो दिवा विझवतो. पण आधी भावाची होडी येते."

"अरे देवा," भंगारवाला म्हणाला.

"आई," मुलगा म्हणाला, "मग सकाळी का नाही बोललीस?"

"अट तू त्यांना घातली होतीस."

भंगारवाल्यानं ती कॅसेट पोत्यात कोंबली. "मग काकू, तो दिवा पुन्हा लावतो का नाही?"

"शेवटची दोन मिनिटं यांना विचार," काकू म्हणाल्या. "तेवढी यांना पाठ आहेत."

भंगारवाला ओझ्यासकट काकांकडे वळला आणि वाट बघत उभा राहिला.

"नाही लावत," काका म्हणाले.