वाऱ्यावर पाणी चढवणारे बस्त्याव सर

बस्त्याव सरांना मी प्रथम पाहिले ते शाळेच्या छपरावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिपळूणहून येऊन मी समुद्रकाठच्या राजोडी गावाजवळच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले होते. विज्ञानाचे हे शिक्षक हातात रिबीन धरून वाऱ्याची दिशा पाहत उभे होते. त्यांनी वरूनच विचारले, "नव्या बाई ना? वारा कुठून लागतोय सांगा बघू."

मी म्हटले, "समुद्राकडून."

"रोज दुपारी येतो," सर म्हणाले, "आणि आपण त्याला एकही काम सांगत नाही."

वाऱ्याला इंधन लागत नाही, धूर होत नाही, तो वापरून संपत नाही, हे आपण सारेच वर्गात शिकवतो. सरांनी ते गावाच्या सामाईक विहिरीवर करून दाखवले. तिथे पवनचक्की उभारायचे ठरले, तेव्हा सभेत कुणीतरी विचारले, "वारा पडला तर काय करायचं, सर? त्यापेक्षा विजेचा पंप बसवूया."

सर शांतपणे म्हणाले, "पडू दे की. तेवढ्या वेळात झरे भरतील. आपल्या गोड्या पाण्याखाली समुद्र आहे. घाईने उपसलं तर तोच वर येईल."

पवनचक्की उभी राहिली. भारनियमनात सगळे गाव अंधारात असतानाही टाकीत पाणी चढत असे. बायकांचे रहाट ओढणे सुटले, केळी-पानवेलींच्या वाड्या तरारल्या. त्या वर्षांत सर फार आनंदात असत. मला कावीळ झाली, तेव्हा माझे सगळे तास त्यांनी आपणहून घेतले. विज्ञानाच्या सरांनी शिकवलेल्या कविता ती मुले अजून म्हणून दाखवतात.

पुढे जवळच्या उमेळा गावाकडे वाड्या जाऊन इमारती आल्या. त्यांना पाणी हवे होते. आमच्या विहिरीभोवतीच्या वाड्यांत विजेचे पंप बसले आणि ते पाणी विकत न्यायला टँकर येऊ लागले. सर घरोघर गेले, हात जोडले. एक वाडीवाले म्हणाले, "सर, तुमचा वारा माझ्या पोरीचं लगीन लावून देनार काय?" ती मुलगी सरांची विद्यार्थिनी होती. सर परतले.

एका उन्हाळ्यात विहिरीशेजारच्या कॅथरीनबाय तांब्या घेऊन शाळेत आल्या. "सर, चाखून बघा. पानी खारट लागतंय."

सरांनी घोट घेतला आणि ते तडक विहिरीकडे गेले. पवनचक्कीत कसलाही बिघाड नव्हता. ती पूर्वीसारखीच पाणी चढवत होती, फक्त आता समुद्राचे. दुसऱ्या दिवशी सर स्वतः मनोऱ्यावर चढले आणि त्यांनी पाती दोरखंडाने बांधून टाकली. कुणीतरी म्हणाले, "फिरू द्या की, शोभेला." सर म्हणाले, "झाडांना मीठ पाजायला उभी केली नव्हती ती."

त्या पावसाळ्यानंतरही पाणी सुधारले नाही. केळी जळाल्या, कॅथरीनबायनी वाडी विकली. तिथे आज चार मजली इमारत आहे आणि तिला टँकरने पाणी येते. विजेचे पंप बसवणाऱ्यांच्या विहिरीही वाचल्या नाहीत.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा मी त्यांची संमती मागायला गेले. त्यांनी विचारले, "बाई, गौरव कशाचा करताय? विहीर तर गेली." मी विषय बदलला. सर बरोबर होते, एवढेच मी लिहू शकते, आणि ते बरोबर असण्याचा कुणालाच उपयोग झाला नाही.

अशा माणसाला दीर्घायुष्य चिंतताना मन कचरते. आणखी किती पाहायला लावणार आहोत आपण त्यांना? तरीही स्वार्थाने मागते: सरांचे गुडघे धड राहोत, त्यांना शांत झोप लागो, आणि ते पुष्कळ वर्षे आमच्यात असोत. आमचे चुकते आहे हे तोंडावर सांगणारे दुसरे कुणी इथे उरलेले नाही.