इरुपगुड्याचं नाव दुरुस्त करताना

आशाबाईंच्या तोंडून 'मी' हा शब्द सहा वर्षांत एकदाही ऐकल्याचं मला आठवत नाही. डोकं एकट्या त्यांचंच दुखत असायचं, पण सांगायच्या, "आमचं डोकं लय दुखून राह्यलं, गुरुजी." घरात साथबीथ आली की काय म्हणून मी घाबरून विचारायचो, सगळ्यांचंच का? तर हसून म्हणायच्या, "नाई, आमचंच."

जिवतीच्या डोंगरातल्या इरुपगुड्याला मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, आणि त्या गावच्या आशा कार्यकर्ती. खरं नाव वेगळंच होतं, ते फक्त मानधनाच्या कागदावर. वय पन्नाशीचं, खांद्याला बाळाचं वजन करायचा काटा, आणि पायात तीन पाड्यांची चाल. बाई कामाला वाघीण होती. पण कुठलीही गोष्ट सुचवा, उत्तर ठरलेलं: "सभेले विचारू." आणि इरुपगुड्याची सभा म्हणजे सगळे 'हो' म्हणेपर्यंत निर्णय नाही. एक जण जरी मान हलवायला तयार नसला, तरी विषय पुढच्या रविवारी. शाळेच्या नळाची तोटी बदलायला मी असे तीन रविवार घालवले आहेत.

त्यात ते नकाशाचं प्रकरण आलं. मोबाइलच्या नकाशात आमच्या गावाचं नाव 'इरापगड' असं पडलं होतं. गोंडीत इरुप म्हणजे मोह, गुडा म्हणजे वस्ती, आणि मोहाची झाडं तर गावाच्या चहूकडे. पण कुणीतरी कुठेतरी बसून आमचा गड करून टाकला होता. एरवी कुणाचं काही अडलं नसतं. पण रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर सारखे बदलत. नवा आला की 'इरुपगुडा' शोधायचा, ते नकाशाला सापडायचं नाही, आणि तो गाडी थेट कोरपन्याकडच्या भलत्याच गुड्यावर नेऊन उभी करायचा. त्या पावसाळ्यात गाडी तिकडे तासभर उभी होती आणि इकडे गावातल्या सुमनचं बाळंतपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालं. मायलेकरं वाचली ते नशीब. आता आशाबाईंच्या सुनेला सातवा महिना होता. तिचं बीपी वाढलेलं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी चालणार नाही, कळा सुरू झाल्या की लगेच चंद्रपूर.

"गुरुजी, नकाशातलं नाव नीट करा लागते," आशाबाई म्हणाल्या.

"दोन मिनिटांचं काम," म्हणत मी फोन काढला. त्यांनी फोनवर हात ठेवला. "थांबा. गावाचं नाव एकट्यानं कसं सांगता? सभेले विचारू."

मी कपाळाला हात लावला. पहिल्या रविवारी सगळे 'हो' म्हणाले, फक्त मारोतीबाबा अडले. ऐंशीच्या घरातले ते म्हातारे. त्यांचं म्हणणं, "ज्यानं नाव बिघडवलं त्यानं यावं, सभेत बसावं अन् नीट करावं. आमी काऊन करावं?" तो माणूस कोण, कुठला, हे कुणालाच ठाऊक नाही हे त्यांना पटवण्यात आणखी दोन रविवार गेले. मी चिडून आशाबाईंना म्हणालो, "एका म्हाताऱ्यासाठी तुम्ही सुनेचा जीव टांगणीला लावताय." त्या शांतपणे म्हणाल्या, "तो बी गावातच राह्यते ना, गुरुजी."

अखेर ठराव झाला. पण कसा? तर दुरुस्ती एकट्या गुरुजींनी पाठवायची नाही, अख्ख्या गावाने पाठवायची. रेंज पकडते फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर. सोमवारी सकाळी ज्याच्या ज्याच्याकडे फोन होता तो तो तिथे हजर. मी एकेकाला बटणं दाखवत हिंडलो. सगळ्यांची दुरुस्ती तयार झाल्यावर आशाबाईंनी हात वर केला आणि सगळ्यांनी एकदम बोट दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात माझ्याही टाळ्या होत्या, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. एकाच जागेवरून, एकाच वेळी, एकच मजकूर इतक्या फोनांवरून आलेला पाहून नकाशावाल्यांच्या यंत्राला तो खोडसाळपणा वाटला असावा. सगळ्या दुरुस्त्या रद्द! वर गावाचं नाव बदलायची सोयच काही काळापुरती बंद. मी आशाबाईंच्या अंगणात जाऊन तोंडाला येईल ते बोललो. एकट्याला पाठवू दिलं असतं तर हे झालं नसतं, म्हणालो. त्या सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. "एका मानसाचं आयकते अन् गावाचं नाई आयकत? असा कसा नकाशा हाये हो?"

सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. नकाशात आम्ही अजून इरापगडच. आशाबाई शाळेच्या दारात आल्या. डांबरी रोडपासून गावापर्यंत सहा फाटे, प्रत्येकावर एक माणूस उभा करायचं आदल्या रविवारीच सभेत ठरलं होतं. "चौथा फाटा तुमचा, गुरुजी." पोरांना कोण सांभाळणार, असं विचारेपर्यंत मारोतीबाबा माझ्या खुर्चीत बसलेसुद्धा होते.

मी डोक्यावर रुमाल टाकून उन्हात धुमसत उभा राहिलो. चांगला पाऊण तास. गाडी आली, मी हात केला, ती बरोबर वळली. माझं काम संपलं. मी चरफडत शाळेत परत आलो. चंद्रपूरच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. माझ्या गावी आल्यावरही मी मधूनमधून एकट्याने ती दुरुस्ती पाठवत राहिलो, आणि गेल्या महिन्यात ती मंजूर झाली. नकाशात 'इरुपगुडा' असं स्वच्छ अक्षरांत दिसलं. मी लगेच आशाबाईंना फोन लावला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

"बघा, एकट्यानेच झालं शेवटी," मी टोमणा मारून घेतला. "आता फाट्यांवर माणसं उभी करायची गरज नाही."

"काऊन नाई? गाडी चंद्रपूरले निंगाली तं सूनबाई खिडकीतून पाहे. फाट्यावर मानूस दिसला का मने, हा आपल्यासाठी उभा हाये. डांबरी रोडपर्यंत सारे उभेच होते, कोनी हाललं नाई." मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, "चौथ्या फाट्यावर तेवढं कोनी नव्हतं. तिथी पोरीनं आमचा हात गच्च धरला. घाबरली ना."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. चौथ्या फाट्यावर कोण होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यानंतरचं अख्खं वर्ष आम्ही रोज भेटत होतो, आणि त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मला माफी मागायची होती.

"नाव नीट झालं मनून आमी सांगतो सभेत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.